भावजींच्या ड्रमातला गाळ

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली 'बुडबुडे' म्हणते. मी मेहुणा पडलो, त्यामुळे मला भावजी म्हणावं लागतं, पण मनात मीही बुडबुडेच म्हणतो. हे नाव त्यांना त्यांच्याच सवयीमुळे चिकटलं. घरामागच्या न्हाणीघरात त्यांचा एक निळा प्लास्टिकचा ड्रम असे, आणि कामावरून आलं की चपला काढायच्या आधी हा माणूस त्या ड्रमाला कान लावून बसे. आत बिअर आंबत असे. तिचे बुडबुडे नळीतून पाण्याच्या बरणीत येत आणि भावजी ते घड्याळ लावून मोजत. मिनिटाला किती बुडबुडे आले, यावर त्यांचा त्या संध्याकाळचा स्वभाव ठरे. ताई मला फोनवर सांगायची, "आज चाळीस आहेत, ये तू जेवायला."

भावजी बावीस वर्षं दुधाच्या कारखान्यात टाक्या धुवायच्या कामावर होते. धुणं म्हणजे फडक्यानं पुसणं नव्हे. आधी कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी, मग ॲसिड, मग साधं पाणी, मग वाफ, आणि शेवटी टाकीत डोकं घालून वास घ्यायचा. कसलाही वास आला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या हाताखालून गेलेल्या टाकीत कधी दूध नासलं नाही, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. नवीन माणूस कामावर आला की साहेब त्याला आधी भावजींच्या मागे उभा करत.

आणि हाच माणूस घरचा ड्रम अकरा वर्षं धूत नव्हता. बिअर बाटल्यांत भरून झाली की ड्रमाच्या तळाशी पिवळट राखाडी गाळ उरायचा, नदीकाठच्या चिखलासारखा दाट. भावजी पुढच्या खेपेचा काढा, म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली भिजवून, गाळून, हॉप्सची कडू फुलं घालून उकळलेलं पाणी, थंड करून तसाच त्या गाळावर ओतत आणि झाकण लावून टाकत. सुरुवातीला आळस म्हणून केलं, चांगलं निघालं, मग तेच चालू राहिलं. पण त्याची त्यांना मनातून लाज वाटे. एकदा मी डोकावलो तर त्यांनी घाईनं झाकण लावलं आणि म्हणाले, कारखान्यात कुणाजवळ बोलू नकोस.

बिअर मात्र अशी की पिणारा पहिल्या घोटाला गप्प व्हायचा. नाकाशी ग्लास नेला की पिकल्या फळासारखा वास, मग कडूपणा, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या कडेला किंचित आंबट. मी पिण्यातला दर्दी वगैरे नाही, पण शनिवारी दुपारी ताईकडे काही ना काही निमित्त काढून जायचो हे खरं आहे. भावजी प्रत्येकाला सोबत एक-दोन बाटल्या देत. अट एकच. बाटली रिकामी झाली की धुऊन, उलटी वाळवून परत आणायची. न धुतलेली बाटली आणणाऱ्याला पुढच्या खेपेला काही मिळत नसे, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

चौकातल्या हॉटेलच्या मालकिणीनं ती बिअर तिच्या भावाच्या साठीच्या समारंभात प्यायली. बाई बोलायला फटकळ आणि व्यवहाराला चोख. ती भावजींना म्हणाली, परवाना काढा, नीट जागा घ्या, माझ्याकडे ग्लास भरायचे चार नळ आहेत, त्यांतला एक तुमच्या बिअरला देते. भावजी घरी आले ते तरंगतच. ताईनं आठवडाभर विचार केला, पडदे शिवता शिवता दोन वेळा मशीनची सुई मोडली, आणि शेवटी म्हणाली, आत्ता नाही केलंत तर जन्मभर ड्रमाला कान लावून बसाल. भावजींनी कारखान्याची नोकरी सोडली. एक बंद पडलेली लाँड्री भाड्यानं घेतली. जमिनीला उतार, मोरीला जाळी, भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरश्या आणि कोपऱ्यात चालू स्थितीतला बॉयलर. जणू त्यांच्यासाठीच बांधून ठेवली होती.

घरात एकच माणूस विरोधात होता. भावजींचे थोरले भाऊ. थोरले पुस्तकबांधणी करतात, एकटे राहतात, बोलतात मोजकं. दोघांचे वडील दारूपायी गेले. तेव्हा भावजी पाच वर्षांचे होते आणि थोरले चौदा. त्यापुढे भावजींना वाढवलं ते थोरल्यांनीच. लाँड्रीच्या भाड्याचा कागद झाल्याचं कळल्यावर ते एवढंच म्हणाले की घरात करत होतास तोवर तो तुझा नाद होता, आता दुकान मांडून लोकांना पाजणार. त्यानंतर आठ महिने त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नाही. भावजी वरवर म्हणत, येतील राग शांत झाला की. पण रविवारी दाराची कडी वाजली की सगळ्यांत आधी तेच उठत.

आता मूर्खपणाकडे येतो. त्यात माझाही वाटा आहे, तेव्हा लपवत नाही. परवान्याचे साहेब तपासणीला यायचे होते. आदल्या दिवशी दुपारी भावजींनी मला बोलावलं. न्हाणीघराच्या दारात ते गमबूट घालून उभे. म्हणाले, साहेबांनी घरी येऊन हा गाळ पाहिला तर परवाना राहिला बाजूला, तोंड दाखवायला जागा उरणार नाही. बावीस वर्षं टाक्या धुणाऱ्याच्या घरात असला चिखल. मी नळी धरली, त्यांनी कॉस्टिक ओतलं. अकरा वर्षांचा गाळ मोरीतून गेला. ड्रम असा लख्ख निघाला की ताईनं तो लगेच मळक्या कपड्यांसाठी मागून घेतला. त्याच आनंदात भावजींनी घरातल्या उरल्यासुरल्या सगळ्या बाटल्या मित्रांत वाटून टाकल्या. जुनं संपवा, म्हणाले, आता नवीन येतंय.

साहेब आले ते थेट लाँड्रीत. आग विझवायचा सिलिंडर पाहिला, मोरीची जाळी पायानं हलवून पाहिली, सही केली आणि गेले. घराकडे ते फिरकलेसुद्धा नाहीत. त्या भल्या माणसाचा काही दोष नाही, तरी मला आजही त्यांचा राग येतो.

नव्या जागेतली पहिली खेप भावजींनी पुस्तकाबरहुकूम केली. तीनशे लिटरची स्टीलची टाकी, आरसा म्हणून वापरावी अशी. यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारा जीव, प्रयोगशाळेतून सीलबंद पाकिटात आलेलं. तीन आठवड्यांनी मालकीण आली. तिनं ग्लास उजेडात धरला, वास घेतला, प्यायली, पुन्हा प्यायली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण ही ती नाही. माझ्याकडे अशा तीन आधीच आहेत."

बाईनं उपकार एवढाच केला की नळ तीन महिने रिकामा ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर तो दुसऱ्याला जाणार होता. दुसरा विचारूनही गेला होता. आणि तो नळ गेला की लाँड्री गेली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

भावजी कामाला भिडले. दुसऱ्या खेपेला पाणी बदललं, घरच्या नळाचं पाणी कॅनमधून वाहून नेलं, मी आणि माझी कंबर साक्षीला आहोत. तिसऱ्या खेपेला बार्ली बदलली, हॉप्स बदलले, उकळायची वेळ बदलली. प्रत्येक वेळी निघाली ती स्वच्छ, नीटनेटकी, कुणीही नावं ठेवू नयेत अशी आणि कुणालाही आठवू नये अशी बिअर. टाकी दुहेरी पत्र्याची, तिला कान लावला तर नुसता थंडावा लागे. तरी भावजी लावत. पन्नाशी उलटलेला माणूस स्टीलला गाल टेकवून उभा आहे आणि त्याला काही ऐकू येत नाही, हे मला बघवत नसे. मग मी उगाच कशावरून तरी चिडचिड करायचो.

सात आठवडे असे गेले. मग एका दुपारी ताई लाँड्रीत डबा घेऊन आली. भावजी वहीत काहीबाही खोडत होते. तिनं डबा ठेवला आणि म्हणाली, "मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण विरजण बदललं की दही बदलतं, एवढं कळतं. तुम्ही विरजणच धुऊन टाकलंत ना?"

 भावजी खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत राहिले. पाकिटातलं यीस्ट म्हणजे एकाच जातीचा शिकवलेला जीव. ड्रमातल्या गाळात अकरा वर्षांत काय काय येऊन राहिलं होतं देव जाणे, हवेतलं, बार्लीवरचं, न्हाणीघराच्या भिंतीवरचं. चव त्याची होती. ज्याची लाज वाटत होती, त्याचीच. मी नळी धरली होती हे मला तेव्हा आठवलं आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पण एक वाट उरली होती. भावजी बाटली भरताना तिच्यात चिमूटभर साखर घालत, म्हणजे आत गॅस तयार होई, आणि प्रत्येक बाटलीच्या तळाला त्याच गाळाचा पातळ थर बसे. बाटली बंद असेल तर तो थर जिवंत असू शकतो. एक न उघडलेली बाटली मिळाली तरी विरजण परत मिळालं असतं. आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. दोन दिवस मित्र, शेजारी, कारखान्यातले जुने सोबती, सगळ्यांची दारं ठोठावली. सगळ्यांनी प्रेमानं आत बोलावलं, त्या बिअरचं तोंडभर कौतुक केलं आणि आतून रिकाम्या बाटल्या आणून दिल्या, धुतलेल्या, उलट्या वाळवलेल्या. भावजींच्या शिस्तीचं असं चीज झालं. ज्यांना आवडली होती त्यांतल्या कुणीच शिल्लक ठेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हणालो की आता जिला ती आवडत नाही अशी व्यक्ती शोधायला हवी.

मी चेष्टेत बोललो होतो. ताईनं वर पाहिलं. भावजींनी मात्र मान खाली घातली, कारण त्यांना ते आधीच सुचलं होतं.

चार-सहा महिन्यांतून एकदा एक बाटली ते थोरल्यांच्या दाराशी ठेवून येत असत. समोरासमोर द्यायची हिंमत नव्हती, म्हणून पायरीवर. पुढच्या वेळी जात तेव्हा पायरी मोकळी असे. ती बाटली कुठं गेली, हा विषय दोघांनीही कधी काढला नाही. भावजींची समजूत अशी की थोरले मोरीत ओतत असणार. आता त्याच माणसाकडे जायचं, ज्यानं या धंद्यापायी बोलणं टाकलं, आणि तो धंदा वाचवायला मदत मागायची. भावजी चार दिवस गेले नाहीत. सव्वा महिना हातात उरला होता, त्यातले चार दिवस. पाचव्या दिवशी मीच गाडी काढली आणि म्हणालो, बसा मागे.

थोरल्यांचं स्वयंपाकघर म्हणजे अर्धं दुकान. टेबलावर लाकडी दाबयंत्र, दोऱ्याची रिळं, खळीचं भांडं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भावजी लहान मुलासारखं अडखळत सांगत होते, ड्रम, गाळ, नळ, तीन महिने. मला वाटलं आता हा म्हातारा आम्हाला बाहेर काढणार. पण थोरले उठले, जिन्याखालचं कपाट उघडलं आणि बाजूला झाले.

आत बाटल्या होत्या. ओळीनं उभ्या, प्रत्येक बाटली बांधणीच्या रद्दी कागदात गुंडाळलेली, वर शिसपेन्सिलीनं तारीख. मी मोजल्या, सव्वीस भरल्या. भावजींनी एक उचलली, कागद थोडा सोडवला. बूच जसंच्या तसं.

"एकही उघडली नाहीस, दादा?"

"नाही."

"मग टाकून का दिल्या नाहीस?"

थोरल्यांनी खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "दर वेळी टाकणार होतो. पण तुझ्या हातची होती."

भावजींना काय वाटलं ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. सगळ्या जगानं वाखाणलेली आपली बिअर आपल्या भावानं जिभेलाही लावली नाही, हे त्यांना लागलं. आणि टाकलीही नाही, हे त्याहून लागलं. ते बाटल्या पिशवीत भरायला लागले. थोरले म्हणाले, इथंच उघड एक, मला बघू दे काय आहे ते. भावजींनी सगळ्यांत अलीकडच्या तारखेची उघडली. फेस वर आला, टेबलावर सांडला, आणि तो पिकल्या फळाचा वास त्या खोलीभर झाला. ज्या घरात कधी कुणाला दारूचं नावही काढायची हिंमत झाली नव्हती, त्या घरात. थोरले खिडकीपाशी गेले. मला वाटलं उघडणार. त्यांनी उघडली नाही.

"बाबांना असा वास यायचा नाही," ते म्हणाले.

"मला आठवतच नाही," भावजी म्हणाले.

"बरं आहे."

गाळ तेवढा हवा होता, तेव्हा वरची बिअर ओतून द्यावी लागणार होती. थोरल्यांच्या देखत पिण्याचा प्रश्नच नव्हता. भावजींनी एकामागून एक चार बाटल्या सिंकमध्ये ओतल्या आणि मी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. एवढा संयम मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाळलेला नाही.

तळाचा गाळ चार बरण्यांत, कोमट गोड काढ्यात घातला आणि बरण्या ताईच्या शिवणाच्या टेबलाखाली ठेवल्या. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईनं मला फोन केला आणि नुसतं म्हणाली, "अकरा." मिनिटाला अकरा बुडबुडे. चारांतल्या एकाच बरणीत, पण एक पुरते. त्या बरणीतून बादली झाली, बादलीतून टाकी. मुदतीला दोन दिवस उरले असताना मालकीण आली. तिनं ग्लास उजेडात धरलाच नाही. एक घोट घेतला, खाली ठेवला आणि पहिलं पिंप कधी पोचवणार ते विचारलं. ती गेल्यावर भावजी मोरीपाशी जाऊन तोंड धुऊन आले. बराच वेळ लागला त्यांना तोंड धुवायला.

पुढे लाँड्रीच्या दर्शनी भागात भावजींनी एक फळी टाकली, चार स्टुलं ठेवली, आणि शनिवारी दुपारी तिथंच ग्लासानं बिअर द्यायला लागले. अशाच एका शनिवारी थोरले आले. फळीपाशी गर्दी होती. ते भिंतीला लागून उभे राहिले, टाक्यांकडे बघितलं, पिणाऱ्यांकडे बघितलं. भावजी हात पुसत पुढे गेले. बसायला स्टूल दिलं. थोरले बसले नाहीत. त्यांनी विचारलं, इथून कुणाला धरून घरी न्यावं लागतं का.

मला तो प्रश्न आवडला नाही. चांगला चाललेला दिवस, आणि हे आले पंचनामा करायला. मी काहीतरी लागट बोलणार होतो. पण भावजी खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा जुना दोष आहे.

"एकदा," ते म्हणाले. "मागच्या शनिवारी. एक रंगारी आहे. मी दोन ग्लासांवर थांबवलं होतं, पण तो आधीच कुठून तरी पिऊन आला होता, मला कळलं नाही. मीच सोडून आलो."

"घरी कोण होतं?"

"मुलगी. आठ-नऊ वर्षांची असेल. तिनंच दार उघडलं."

"तिला काय म्हणालास?"

"काय म्हणणार, दादा? काही सुचलं नाही. त्याला आत झोपवलं आणि आलो."

 थोरले भावजींकडे न बघता म्हणाले, "आमच्याकडे दार मी उघडायचो. चांगले लोक असायचे, जपून आणायचे बाबांना. आत झोपवायचे, माझ्याकडे बघायचे आणि जायचे. पाच वर्षांत माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

भावजी तसेच उभे होते, हातात ओलं फडकं. मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखतो. त्यांच्या भावानं त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं. आणि मगाशी तोंडाशी आलेला शब्द गिळला हे किती बरं झालं, असं मला वाटलं. लाज वाटली म्हणा ना.

भावजींनी ॲप्रन काढला आणि माझ्या हातात दिला. फळीपाशी सात-आठ माणसं खोळंबली होती. त्या मुलीचं घर लांब आहे का, थोरल्यांनी विचारलं. पुलापलीकडे, तिसरा मजला, भावजी म्हणाले. मग दोघं भाऊ शनिवारच्या भर गर्दीतून बाहेर पडले आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागले. थोरले पुढे, भावजी अर्धं पाऊल मागे. मी नळाशी उभा राहिलो. पहिल्या चार ग्लासांत नुसता फेस आला.